सतरा नंबरची साक्ष

रविवारी सकाळी दहा वाजता इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी इथे सभा बोलावली की सचिव, खजिनदार आणि पंख्याखाली डुलकी घेणारे एक आजोबा एवढ्यांवरच काम भागायचं. आज चौथ्या मजल्यावरचे गुडघेदुखीवालेसुद्धा जिना उतरून आले होते. शेजारच्या इमारतीतल्या बायका दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. मधोमध टेबल, टेबलावर भोपळ्याएवढी काचेची बरणी, बरणीत फिकट हिरवं पाणी, आणि टेबलामागे डोळे मिटून साक्षीबाबा.

साक्षीबाबा म्हणजे परवापरवापर्यंतचे फोटोवाले काका. कोपऱ्यावर त्यांचा स्टुडिओ होता. अर्ध्या गावाच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढले होते. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि दोन वर्षांपूर्वी काकांनी शटर ओढलं ते कायमचं. त्यानंतर ते गॅलरीत गुलाब लावत बसले. आणि तीन महिन्यांपूर्वी एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की पाण्याला सगळं कळतं. ही गोष्ट पाण्याने इतकी वर्षं त्यांच्यापासून का लपवून ठेवली होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"पाणी बघतं," काका खर्जातल्या आवाजात म्हणाले. "पाणी ऐकतं. पाण्याला डोळे असतात. माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही. आता सगळ्यांनी डोळे मिटा, आणि कुणीही हलू नका."

शेवटचं वाक्य ते पस्तीस वर्षं नवरा-नवरींना सांगत आले होते, त्यामुळे ते सगळ्यांत खणखणीत आलं.

प्रश्न होता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या अंगठीचा. अंगठी आठ दिवसांपूर्वी हरवली होती. त्या आठवड्यात वहिनींच्या घरी ज्यांचं ज्यांचं येणं झालं होतं, अशी नऊ माणसं टेबलाभोवती खुर्च्यांवर गोल करून बसवली होती. त्यात नळदुरुस्तीवाला होता, वहिनींची स्वतःची नणंद होती, आणि ब्लाउजची मापं घ्यायला गेलेली बाटलीमावशींची सून होती. काकांनी बरणीवर काळं कापड पांघरलं. अर्धा तास सगळे दगडासारखे बसले. गर्दीत बाटलीमावशीही श्वास रोखून उभ्या होत्या. त्यांना सगळे बाटलीमावशी म्हणत, कारण त्या बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत बाटल्या धूत होत्या.

अर्ध्या तासाने काकांनी कापड ओढून घेतलं आणि चुरगाळून पिशवीत कोंबलं. सभागृहातून एक लांब सुस्कारा निघाला. मघाचं एकसारखं हिरवं पाणी आता बरंचसं निवळलं होतं, आणि सगळा हिरवेपणा एका बाजूला काचेवर रुपयाएवढ्या गडद ठिपक्यात गोळा झाला होता. ठिपक्याच्या नेमकी समोर, खिडकीपाशी, मावशींची सून बसली होती.

"मी फक्त मापं घेतली," ती म्हणाली. पण तोवर नणंदबाईंनी आपली पर्स मांडीवरून उचलून छातीशी धरली होती.

एखाद्याला पाण्यात पाहणं म्हणतात ते यापूर्वी कुणी इतकं शब्दशः केलं नसेल. सोमवार उजाडायच्या आत सुनेकडे शिवायला आलेली पाच कापडं परत गेली. दोघींनी "घाई नव्हतीच" असं सांगून नेली, तिघींनी काहीच सांगितलं नाही. त्याआधीही बरणीतल्या या साक्षीजलाने दोन माणसं पकडून दिली होती. पंप बिघडवल्याबद्दल घड्याळं दुरुस्त करणारे दमेकरी आजोबा, आणि पोरांना ताप आणल्याबद्दल भाजीवाली. आजोबा तेव्हापासून पुतण्याकडे राहायला गेले होते आणि भाजीवाली या रस्त्यालाच फिरकत नव्हती. तेव्हा मावशी स्वतः म्हणाल्या होत्या की काहीतरी असल्याशिवाय पाणी उगाच कशाला दाखवेल.

आता पाण्याने त्यांच्याच घराकडे बोट दाखवलं होतं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि पुढच्या रविवारी परतणार होता. कुणीतरी त्याला आधीच कळवलं होतं. त्याने विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मावशी म्हणाल्या, "बघू."

सून भाकरी भाजत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. जेवणं झाल्यावर मात्र शांतपणे सांगितलं की रविवारी ते घरी आले की ती आईकडे जाणार आहे, आणि शिलाईचं मशीन नंतर कुणाबरोबर तरी मागवून घेईल. चार वर्षं ही मुलगी या घरात होती. मावशींना रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. पण डोळ्यांसमोरून तो हिरवा ठिपका काही हलेना.

सोमवारी त्या कामावर गेल्या. त्या प्रयोगशाळेत शेवाळं वाढवत. पायरीवर घसरून पाडणारं शेवाळ नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारं, पाण्यात सुटं सुटं पोहणारं, एकेका पेशीचं. गटारं, डबकी, ओल्या भिंती, कुठून कुठून पाण्याचे नमुने यायचे. एका थेंबात वीस जातींचा बाजार भरलेला असायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई काचेची नळी आचेवर ओढून केसाएवढी बारीक करायच्या, सूक्ष्मदर्शकात बघत त्या नळीने एकच पेशी उचलायच्या, तिला स्वच्छ पाण्याच्या दहा थेंबांत दहा आंघोळी घालायच्या आणि मग वेगळ्या नळीत तिचा संसार मांडून द्यायच्या. शंभरांतले नव्वद संसार मोडायचे. जे टिकायचे त्यांना नंबर मिळायचे.

त्यातलं सतरा नंबर गच्चीवरच्या एका फुटक्या बादलीतून आलेलं होतं, आणि अतिशय उजेडखाऊ. मावशींचं रोजचं पहिलं काम म्हणजे मांडणीवरचा प्रत्येक काचेचा चंबू पाव फेरा फिरवायचा. नाहीतर सगळं हिरवं खिडकीकडच्या काचेला जाऊन चिकटतं. बाकीचे चंबू एक दिवस विसरले तरी चालायचं, सतरा नंबरला मात्र तासाभराचाही दम नसायचा.

मावशींनी पहिला चंबू फिरवला, दुसरा फिरवला. सतरा नंबरला हात घातला आणि हात तिथेच थांबला. चंबूच्या खिडकीकडच्या बाजूला गडद हिरवा पट्टा होता आणि बाकीचं पाणी निवळलेलं होतं. बावीस वर्षं रोज हेच बघून त्या पट्ट्याची त्यांना इतकी सवय झाली होती की काल तोच पट्टा सभागृहात दिसला तेव्हा त्यांनीही सगळ्यांबरोबर सुस्कारा सोडला होता. मावशींनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी डोकं चालवलं. दमेकरी आजोबा कुठे बसले होते? वारा लागावा म्हणून खिडकीपाशी. भाजीवाली? बाहेर ठेवलेल्या टोपलीवर लक्ष राहावं म्हणून खिडकीपाशी. आणि सून तर कुठेही गेली तरी उजेड बघूनच बसते, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाची ती खोडच असते. कुठे पाणी मुरतंय ते मावशींना कळलं.

त्या धावत बाईंकडे गेल्या. बाई म्हणजे मुलखाच्या सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते पाणी बघितल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणाल्या. तेव्हा मावशी संध्याकाळी काकांच्या दारात गेल्या. डोळे पुसत त्यांनी सुनेच्या शुद्धीसाठी चमचाभर साक्षीजल मागितलं. इतकी भाविक सासू बघून काकांना भरून आलं. त्यांनी चमचा कसला, औषधाची अख्खी बाटली भरून दिली.

मंगळवारी बाईंनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मावशी मागे उभ्या राहून चुळबुळ करत होत्या. "सतरा नंबरच ना?"

"सतरा नंबरसारखं दिसतंय," बाई म्हणाल्या. "सारखं दिसलं म्हणजे तेच असतं असं नाही."

"म्हणजे अजून थांबायचं?"

"वेगळं केल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही, मावशी. शेवाळावरसुद्धा नाही."

हे वाक्य मावशींना चांगलंच झोंबलं. बाईंनी आगरचा, म्हणजे घट्ट जेलीसारखा, थर दिलेल्या काचेच्या ताटलीवर थेंबभर पाणी पातळ करून पसरलं आणि ताटली दिव्याखाली ठेवून दिली. एकेका पेशीचा एकेक ठिपका दिसू लागायला चार-पाच दिवस लागणार होते. सुनेच्या जाण्याला पाचच उरले होते. मावशी रोज त्या ताटलीवर दूध उतू जातंय का ते बघावं तशी नजर ठेवून होत्या. घरी सून कामापुरतं बोलायची. गुरुवारी तिने माळ्यावरची बॅग खाली काढली.

शनिवारी ताटलीवर खसखशीहून बारीक हिरवे ठिपके उमटले. बाईंनी एकेक उचलून तपासला. दोन-चार उपरे सोडले तर सगळे एकाच घराण्यातले. प्रत्येक पेशीत एक लाल ठिपका होता. इतरांना तो गळ्याशी असतो, सतरा नंबरला खाली कंबरेशी, आणि इथेही तो कंबरेशीच होता.

"हाच त्यांचा डोळा," बाई म्हणाल्या. "उजेड कुठून येतो ते या ठिपक्यामुळे त्यांना कळतं आणि ती तिकडे पोहत जातात. तुमचे काका म्हणतात ते खरंच आहे, पाण्याला डोळे असतात. फक्त त्यांना खिडकी दिसते, चोर दिसत नाही."

मावशी हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या पुढे म्हणाल्या की कुठल्याही डबक्यात अशी एकजात वस्ती कधी सापडत नाही. हे कुणीतरी निवडून, धुऊन, वाढवलेलं आहे, आणि निवडणारी त्या स्वतःच आहेत. तर मग हे इथून बाहेर गेलं कसं?

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. नियम असा होता की जुनं पाणी उकळूनच मोरीत ओतायचं. चार महिन्यांपूर्वी उकळायचं यंत्र बिघडलं होतं, आणि एवढं हिरवंगार पाणी फेकायचं जिवावर आलं म्हणून मावशींनी सतरा नंबरचे दोन चंबू काकांना नेऊन दिले होते. गुलाबांना घाला म्हणून.

त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. बाईंनी विचारलं, "गुलाब कसे आले?"

"बरे आले."

"पुन्हा असं करायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि सतरा नंबरचा एक ताजा चंबू, एक चौकोनी काचेची बरणी आणि काळा कागद मावशींच्या पुढ्यात ठेवला. पुढचं मावशींच्या डोक्यातून निघालं होतं, हे इथेच सांगितलेलं बरं.

घरी आल्यावर त्यांनी कागद सुनेपुढे धरला. त्यावर पेन्सिलीने काढलेली अक्षरं कापून हवी होती. सुनेने विचारलं कशाला, तर मावशी म्हणाल्या, "पाण्याला लिहायला शिकवायचंय." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सून ऐकत राहिली, अक्षरं बघितली आणि आठवड्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने बारकी कात्री काढली. भरतकामाचे छाप कापताना ठेवतात तसे नाजूक जोड ठेवून तिने अक्षरं अशी कापली की एक कोपरा इकडचा तिकडे झाला नाही.

रविवारी पुन्हा गर्दी. आज अंगठी कुठे लपवली आहे ते पाणी सांगणार होतं. काकांनी डोळे मिटले, तेवढ्यात मावशी पुढे आल्या. त्या हात जोडून म्हणाल्या की सून माझी आहे, मला खातरजमा करू द्या. हे घ्या, याच साक्षीजलाचं सख्खं भावंड, यालाही विचारू. काकांच्या कपाळावर आठी पडली, पण एवढ्या लोकांसमोर पाण्यावर अविश्वास कसा दाखवायचा? मावशींनी काळ्या कागदात गुंडाळलेली बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, कापलेली बाजू बाहेरच्या उजेडाकडे. खिडकीजवळची खुर्ची त्यांनी उचलून भिंतीला लावली. मागच्या रांगेत बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"डोळे मिटा," मावशी काकांच्याच खर्जात म्हणाल्या. "आणि कुणीही हलू नका."

अर्ध्या तासाने त्यांनी कागद सोडवला आणि बरणी फिरवून लोकांसमोर धरली. काचेवर सुबक, गडद हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: काका.

सगळ्या माना एकदम काकांकडे वळल्या. वहिनींनी तर सरळ विचारलं, "काका, अंगठी तुम्ही?"

काकांची पाचावर धारण बसली. "अहो, चावटपणा आहे हा सगळा," ते म्हणाले, आणि खर्ज कुठल्या कुठे गेला. "कागद कापून लावलाय तिने. भोकातून उजेड आत जातो आणि ते हिरवं उजेडाकडे पळतं. खिडकीकडे केलं की झालं. कुणीही करू शकेल. त्यात साक्षबिक्ष काही नसते हो."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"मी हेच सांगणार होते," मावशी म्हणाल्या, "पण तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत."

सुनेने पुढे होऊन पिशवीतलं काळं कापड ओढून काढलं आणि उजेडात धरलं. एका बाजूला रुपयाएवढं गोल भोक होतं, कडा दोऱ्याने बांधून घेतलेल्या. ती ते टाके बघत राहिली. "हे तर मीच करून दिलंय," ती म्हणाली. "कॅमेऱ्याला हवंय म्हणाले होते." म्हणजे सासूचं पाणी आणि सुनेचे टाके, एवढ्या भांडवलावर हा सगळा चमत्कार उभा होता. लोक हसायला लागले. काही जण मोठ्याने हसले, कारण मागच्या रविवारी त्यांनीच मोठ्याने सुस्कारा सोडला होता.

बाईंनी उठून दोन शब्दांत सांगितलं. शेवाळाच्या पेशीला उजेड लागतो, म्हणून ती उजेडाकडे जाते. बरणी झाकून एकच भोक ठेवलं की ती त्या भोकाशी जमते. भोकासमोर कोण बसलंय याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं.

काका खुर्चीत बसून होते. सचिवांनी त्यांना विचारलं की हे केलंत कशासाठी. काका म्हणाले की गुलाबांना घालून उरलेलं हिरवं पाणी स्टुडिओच्या काळ्या खोलीत ठेवलं होतं, त्या बरणीत फटीसमोर ठिपका दिसला, मौज वाटली, चार जणांना दाखवली. "दोन वर्षं माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं," ते म्हणाले. "मग सगळे येऊन बसायला लागले. हलू नका म्हटलं की हलायचे नाहीत." मावशींना त्यांची कीव आली. पण मग त्यांना दमेकरी आजोबा आठवले, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की आजच्या आज पुतण्याकडे जाऊन आजोबांची माफी मागायची, आणि मग भाजीवालीची.

वहिनी अजून तिथेच अडकल्या होत्या. "मग माझी अंगठी घेतली कुणी?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

वहिनींना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. चोर मिळत नाही तर निदान बाबा तरी मिळावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तेव्हा मावशी बोलल्या. भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"माहीत नाही म्हणायला आपली जीभ रेटत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आपण बरणीला विचारतो. मीही विचारलं. आजोबांवर ठिपका आला तेव्हा मी मान डोलावली. माझ्या घरावर आला तेव्हा माझे डोळे उघडले, याची मला लाज वाटते. उद्या दुसरा कुणी दुसरी बरणी आणेल. तेव्हा आधी एवढंच विचारा, खुर्ची बदलली तर ठिपका बदलतो का."

दुपारी ट्रक कोपऱ्यावर थांबला आणि मुलगा घरी आला. दारातच भरलेली बॅग होती. त्याने बॅगेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "अंगठी मिळाली?"

"नाही मिळाली," मावशी म्हणाल्या. "तरी हिने घेतली नाही."

"सिद्ध झालं का?"

"हिने घेतली हेच कुठे सिद्ध झालं होतं?" मावशी म्हणाल्या. त्या सुनेकडे वळल्या. "तू त्या दिवशी माझं 'बघू' ऐकलंस ना. तेव्हा मी बघितलं काहीच नव्हतं, बरणी सोडून. माफ कर मला."

सुनेने सांगितलं की तिला आईकडे जायचंच आहे, पण आता चार दिवसांसाठी, आणि परत येताना तिकडून तिला बरी कात्री आणायची आहे. मावशींनी मान हलवली. चार दिवस हा काही फार मोठा दंड नव्हता.

अंगठी आजतागायत सापडलेली नाही. मोरीत गेली असेल, उशीच्या खोळीत असेल, खरोखरच कुणी उचलली असेल. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. मात्र येताना पुरावा घेऊन या. पुरावा नसेल, तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्या खुर्चीत आधी स्वतः बसून बघा.